ओसरीवरचा पाहुणा, चावडीवरची नोंद

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार समितीबाहेर पहाटे फेरी मारली, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ पथारी टाकून झोपलेले शेतकरी दिसतात. लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून आदल्या रात्रीच निघालेली ही मंडळी. बाजारपेठेच्या गावाला मुक्कामी माणसाचे नवल नसते. कुणी ओळखीच्या आडत्याच्या माडीवर अंग टाकतो, कुणी देवळाच्या ओवरीत, कुणी लेकीच्या सासरी. परप्रांतातून आलेला खरेदीदार तेवढा लॉज शोधतो. त्याचा अपवाद सोडला तर या मुक्कामांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही आणि त्यावर काही कर असू शकतो, असे कुणाच्या मनातही येत नाही. पाहुणा येतो, चहापाणी घेतो, रात्र काढतो, निघून जातो.

सिंहस्थाने मात्र हा जुना व्यवहार नव्या प्रश्नांसमोर आणून उभा केला आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील ध्वजारोहणाचा दिवस ३१ ऑक्टोबर २०२६ आहे. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला आणि तिसरे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पर्वकाळ संपतो तो २४ जुलै २०२८ रोजी. त्र्यंबकेश्वरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अवघी बारा हजारांच्या आसपास होती. लाखोंच्या संख्येने येणारा भाविक या गावात मावणार नाही, आणि नाशिक शहरातही पुरता मावणार नाही, हे सांगायला कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नाही. तो रेल्वेच्या रुळांच्या कडेने पसरेल. लासलगाव, उगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा या स्थानकांच्या माळेने नाशिकरोडशी जोडलेल्या गावांत ज्यांच्याकडे एखादी रिकामी खोली आहे, वर बांधलेला मजला आहे किंवा मळ्यात दोन खोल्यांचे घर आहे, त्या घरांत एकच विचार घोळणार: दोन महिने खोली दिली तर मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघेल. पण परवाना कुणाचा? कर किती? आणि पुढे घरपट्टीच्या नोटिशीत ‘वाणिज्य वापर’ असा शिक्का बसला तर तो पुसायचा कसा?

या प्रश्नांची उत्तरे शासनाने वेळेवर आणि सोप्या भाषेत द्यायची, की ऐन पर्वणीच्या तोंडावर पथके धाडून दंडाच्या पावत्या फाडायच्या, हा आज खरा मुद्दा आहे.

यात्रेकरूला घरात उतरवून घेण्याची रीत नाशिक परिसराला कुठल्या परदेशी कंपनीने शिकवलेली नाही. पंचवटीतील आणि त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्यायांची घरे पिढ्यान् पिढ्या हेच करत आली. कुठल्या गावचा, कुठल्या कुळाचा यजमान, त्याचे आजे-पणजे कधी येऊन गेले, याची नोंद उपाध्यायांच्या वह्यांत सापडते. नारायण नागबलीसारखा विधी तीन दिवसांचा. तेवढे दिवस यजमानाचे कुटुंब गुरुजींच्या घरी किंवा त्यांनी पाहून दिलेल्या जागेत राहणार, हे गृहीतच होते. तिथे दरपत्रक नव्हते, दक्षिणा होती. अर्थात या व्यवस्थेचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. दक्षिणेच्या नावाखाली अडवणूक झाल्याच्या तक्रारी त्या काळातही होत्याच. पण वही होती! कोण आला, कुठून आला, कुणाच्या घरी उतरला, हे त्या वहीला ठाऊक होते. आज ज्याला पाहुण्यांची नोंदवही म्हणतात, तिची ही थोरली बहीण.

दुसरी परंपरा धर्मशाळेची. चांदवडचा रंगमहाल आणि खुद्द लासलगावचा भुईकोट या भागातील होळकरशाहीची आठवण जागवतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभ्या केल्या, हे त्यांच्या त्रिशताब्दी वर्षात सर्वत्र सांगितले गेले. त्या धर्मकार्याचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून होत असे, हे मात्र तितक्या आवर्जून सांगितले गेले नाही. यात्रेकरू फुकट राहत होता, पण त्याच्या पाण्याचा, निवाऱ्याचा आणि स्वच्छतेचा खर्च कुणी ना कुणी नियमितपणे भरत होते. सेवेला हिशेब लागतो. ‘आम्ही तर सेवा करतो, आमच्याकडे कसला कर मागता,’ असे आज म्हणणाऱ्यांनी हा धडा ध्यानात घ्यायला हवा.

घरात खोली देऊ इच्छिणाऱ्या माणसासमोर आज नियमांचे चित्र काय आहे? राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना अनेक वर्षांपासून आहे. मालक सहकुटुंब त्याच घरात राहतो आणि मोजक्या खोल्या पाहुण्यांना देतो, ही तिची मूळ कल्पना. शेतकऱ्यांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आले. किमान एक एकर शेती, जास्तीत जास्त आठ खोल्या, नोंदणीसाठी अडीच हजार रुपये आणि दर पाच वर्षांनी हजार रुपये भरून नूतनीकरण, अशी त्याची साधी चौकट आहे. २०२३ च्या ‘आई’ धोरणात महिला उद्योजकांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या पर्यटनविषयक कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद झाली. पाहुण्यासाठी पहाटे उठून बंब पेटवणारी, अंथरुणे धुणारी आणि भाकऱ्या थापणारी घरातली बाईच असते. नोंदणीही तिच्याच नावे व्हावी, हे ओघाने आलेच.

धोरणे आहेत, गावापर्यंत ती पोहोचलेली नाहीत. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ २०२० मध्ये घोषित झाले, तेही याच निफाड तालुक्यात. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला दुरून माणसे येतात. मुक्कामाची सोय मात्र अनेकांना नाशिकलाच शोधावी लागते. पर्यटन संचालनालयाचे दार ठोठावण्याआधी शेतकरी तलाठ्याला विचारतो, तलाठी ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतो, ग्रामपंचायत म्हणते वरून परिपत्रक नाही. मग माणूस न विचारताच खोली देऊन टाकतो. नियम मोडण्याची हौस म्हणून नाही. पाळायचा कसा हेच त्याला कळत नाही.

करांचे म्हणाल तर तिथेही गंमत आहे. एके काळी मुक्कामावरचा कर महाराष्ट्रात ‘ऐषाराम कर’ या नावाने घेतला जाई. १९८७ चा तो कायदा १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला. २०२२ च्या जुलैपर्यंत हजार रुपयांच्या आतील खोलीला या करातून सूट होती, ती काढली गेली आणि बारा टक्के लागू झाले. त्याच सुमारास यात्रीनिवासांवरील करावरून अमृतसरच्या सरायांचा वाद देशभर गाजला. धार्मिक न्यासांच्या आवारातील हजार रुपयांखालच्या खोल्यांना सूट कायम आहे आणि ‘आवार’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, असा खुलासा केंद्राला करावा लागला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील दर बारावरून पाच टक्क्यांवर आला. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या यजमानाला या कराची नोंदणी करावी लागत नाही. त्याची खोली ऑनलाइन कंपनीमार्फत गेली तर कर त्या कंपनीने भरायचा. दोन खोल्यांच्या घरमालकाने वस्तू व सेवा कराची धास्ती घेण्याचे काही कारण नाही, हे कुणीतरी गावात येऊन सांगायला हवे.

मात्र या करातून मिळणारा पैसा केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. ज्या गावात पाहुणा उतरला, ज्या गावाचे पाणी त्याने वापरले, ज्या गावाच्या उकिरड्यावर त्याच्या पत्रावळी पडल्या, त्या ग्रामपंचायतीच्या तिजोरीत थेट काहीच येत नाही. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची पाणीपुरवठा योजना नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर चालते. जलवाहिनी कुठे फुटली की गावातल्या बायकांचा दिवस हंड्यांमागे जातो. अशा गावात पर्वणीच्या काळात आणखी काही हजार माणसे राहिली, तर पाणी कुठून आणायचे? शिवाय गोदावरी नाशिकहून वाहत निफाड तालुक्यातच येते. तिकडे वरती पात्रात जे सोडले जाईल, ते खाली नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात साचणार आहे. पाहुण्याच्या शौचालयाचे पाणी कुठे जाते हा प्रश्न त्यामुळे एका घराचा किंवा एका गावाचा राहत नाही. करातला गावाचा वाटा मागणे हे कुणाच्या हावरेपणाचे लक्षण नाही. ती सोळा गावांच्या नळाची गरज आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४व्या कलमात करांची यादी आहे. इमारतींवरील कर, सामान्य आरोग्य रक्षण उपकर, सामान्य पाणीपट्टी आणि चक्क यात्रा करही त्यात आहे. यात्रा कर हा शब्द या देशाच्या मनाला कधी रुचलेला नाही. प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथे ईस्ट इंडिया कंपनीने बिनदिक्कत वसूल केलेला यात्रा कर शेवटी १८४० साली रद्द करावा लागला होता. देवाच्या दारी जाणाऱ्याच्या डोक्यावर कर बसवणे वेगळे आणि तो राहतो त्या जागेच्या स्वच्छतेसाठी यजमानाकडून माफक शुल्क घेणे वेगळे. पहिल्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. दुसऱ्याला कुणी नाके मुरडू नयेत.

घरपट्टीबाबत तर गैरसमजांचे पीकच आले आहे. ग्रामपंचायत क्षेत्रात डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनुसार भांडवली मूल्यावर कर आकारला जातो आणि वापरानुसार भारांक लावला जातो. निवासी वापरासाठी तो १ आहे, औद्योगिक वापरासाठी १.२० आणि वाणिज्य वापरासाठी १.२५. म्हणजे पूर्ण घर वाणिज्य ठरले तरी पट्टी सव्वापट होईल, दहापट नव्हे. हे आकडे माहीत नसल्याने लोक धास्तावतात. मात्र ही धास्ती अगदीच निराधारही म्हणता येणार नाही. नाशिक महापालिकेने २०१८ साली करयोग्य मूल्याचे दर वाढवले, तेव्हा शहरात किती गदारोळ झाला होता, शेतजमिनींवरच्या आकारणीने शेतकरी कसे रस्त्यावर उतरले होते, हे निफाडकरांनी जवळून पाहिले आहे. तेव्हा प्रश्न दराचा कमी आणि विश्वासाचा जास्त आहे. चार खोल्यांच्या घरातील एक खोली दोन महिने दिली म्हणून सगळे घर बारा महिन्यांसाठी वाणिज्य धरायचे का, याचे स्पष्ट उत्तर नियमांत असले पाहिजे. ते करनिरीक्षकाच्या मर्जीवर सोडले, की त्या मर्जीचाही एक दर ठरतो.

इथे विरोधाभास पाहा. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचे ठरले. वाणिज्य दरापेक्षा हा दर कमी. निर्णय योग्यच होता, कोरोनाने तो व्यवसाय पुरता मोडला होता. पण तारांकित हॉटेल औद्योगिक दरात बसणार आणि मळ्यातली दोन खोल्यांची जागा वाणिज्य दराच्या भीतीने लपून राहणार, यात कसला न्याय? शासनाच्या मनात तसे नसेलही. लहान माणूस शासनाच्या मनातले वाचू शकत नाही, त्याला नोटीस तेवढी वाचता येते.

लासलगावला तर उशिरा आणि अचानक येणाऱ्या नियमांचा अनुभव साऱ्या देशाहून अधिक आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर एका रात्रीत चाळीस टक्के शुल्क बसले आणि बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट मागे ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण हटले. या दीड वर्षात कांद्याचा भाव जेवढा घसरला, त्याहून शेतकऱ्याचा शासनावरचा भरवसा अधिक घसरला. ग्राहकाला कांदा परवडावा हा हेतू वाईट म्हणता येणार नाही; पण चाळीत माल भरून झाल्यावर नियम बदलला, की हेतू कुणाला दिसत नाही, फक्त तोटा दिसतो. खोल्यांच्या बाबतीतही तसेच होईल. कर्ज काढून न्हाणीघर बांधले, गाद्या आणल्या, आगाऊ आरक्षण घेतले आणि जुलै २०२७ मध्ये एखादे परिपत्रक निघाले, तर त्याचे पडसाद सिंहस्थानंतरही उमटत राहतील.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॉजमालक म्हणतात की अग्निसुरक्षा, परवाने, वीजदर, कामगारांचे कायदे यांचा बोजा ते वाहतात. शेजारच्या इमारतीत कुणी आठ सदनिका घेऊन त्या रोजच्या भाड्याने देतो आणि त्याला कुणी हटकत नाही. ही तक्रार रास्त आहे. सुरक्षेचा प्रश्न तर त्याहून गंभीर. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत विहित नमुन्यात त्याची माहिती द्यावीच लागते. देशी पाहुण्याचे ओळखपत्र पाहून वहीत नाव लिहिण्यात कसला अपमान आला? लाखोंच्या गर्दीत कोण कुठे मुक्कामाला आहे हे पोलिसांना ठाऊक नसेल, तर हरवलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या माणसांपर्यंत पोहोचवणेही अवघड होते. घातपाताची शंका तर दूरची गोष्ट. इंग्रजांच्या १८६७ च्या सराय कायद्याने सरायचालकावर साथीच्या रोगाची खबर देण्याचे, खोल्या आणि विहिरी स्वच्छ ठेवण्याचे, राखणदार नेमण्याचे आणि दरपत्रक लावण्याचे बंधन घातले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या परकीय सत्तेला सुचले, ते स्वतःच्या राज्यात पाळायला जड का जावे? घराला ‘सेवा’ म्हणायचे आणि पर्वणीच्या रात्री चौपट दर सांगायचा, हा दुटप्पीपणा समाजानेच थांबवायला हवा. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात खोल्यांचे आणि नावांचे दर कुठल्या कुठे गेले होते, याच्या कहाण्या परतलेल्या भाविकांनी गावोगाव सांगितल्या आहेत.

जगातल्या मोठ्या शहरांनी या विषयावर बराच काथ्याकूट केला आहे. ॲमस्टरडॅमने स्वतःचे घर पाहुण्यांना देण्याची मर्यादा वर्षाला तीस रात्रींवर आणली. जपानने २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यात एकशे ऐंशी दिवस ठरवले. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून अल्पमुदतीच्या मुक्कामात यजमान स्वतः घरात हजर हवा आणि पाहुणे दोघांहून अधिक नकोत, असा दंडक कडकपणे लागू झाला. बार्सिलोनाने तर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले, कारण तिथल्या रहिवाशांनाच घरभाडे परवडेनासे झाले. लासलगावची स्थिती याच्या अगदी उलट आहे. इथे पाहुण्यांची गर्दी नाही, सोयीची वानवा आहे. म्हणून तिथली बंदी उचलून इथे आणणे वेडेपणाचे ठरेल. पण या सगळ्या कायद्यांतून एक धागा मात्र घेण्यासारखा आहे. राहत्या घरातला यजमान आणि सदनिका विकत घेऊन धंदा करणारा गुंतवणूकदार, यांना त्यांनी एका मापाने मोजलेले नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये निवास-न्याहारी आणि होमस्टेचे स्वतंत्र धोरण मंजूर करून सहा खोल्या आणि बारा खाटांची मर्यादा घातली. गोव्यात १९८२ पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे आणि तरीही नोंदणीविना चालणाऱ्या बंगल्यांमागे धावणे तिथल्या यंत्रणेच्या नशिबी आले. कायदा असून भागत नाही, तो पाळणे न पाळण्यापेक्षा सोपे असावे लागते.

तोच निकष निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला या तालुक्यांना लावायला हवा. ज्या घरात मालकाचे कुटुंब राहते आणि दोन-तीन खोल्याच पाहुण्यांना दिल्या जातात, त्या घराची नोंद ग्रामपंचायतीत एका पानाच्या अर्जावर व्हावी आणि ग्रामपंचायतीनेच ती पर्यटन संचालनालयाला व पोलीस ठाण्याला कळवावी. माणसाने तीन कार्यालयांचे उंबरे झिजवण्याचे काम कागदाने करावे. अशा घराची घरपट्टी निवासीच राहावी. त्याच्याकडून पाहुण्यामागे, रात्रीमागे ठरावीक छोटे स्वच्छता शुल्क घ्यावे. त्यासाठी नियमांत दुरुस्ती लागेल, ती राज्य शासनाने करावी. जमलेली रक्कम पाणी, शौचालये आणि कचरा यांखेरीज कशावरही खर्चू नये, आणि महिन्याचा हिशेब चावडीच्या फलकावर लिहावा. जिथे मालक राहत नाही, तिथे वाणिज्य भारांक, अग्निसुरक्षेची तपासणी आणि लॉजचे सगळे नियम. दर पाहुण्याला दिसेल असा दारात लावावा, पर्वणीच्या रात्रीचाही. आणि एकदा जाहीर केलेले हे नियम २४ जुलै २०२८ पर्यंत बदलू नयेत.

सिंहस्थासाठी २०२५ मध्ये कायदा करून नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झाले. रस्ते, घाट, पूल, साधुग्राम यांच्या बैठकांना तोटा नाही. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्ताचा अतिरेक झाला आणि भाविकांना मैलोन्मैल पायपीट करावी लागली, ही टीका प्रशासनाने तेव्हा ऐकली आणि पुढच्या पर्वण्यांना कठडे सैल केले. मुक्कामाच्या प्रश्नावर ऐकून घेण्यासाठी पहिली पर्वणी उलटण्याची वाट पाहू नये. लासलगावचे कुटुंब खोली द्यायला तयार असेल, तर त्याने अर्ज कुठे करायचा, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर आधी छापील कागदावर हवे. निफाड तालुक्यातल्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेत पाणीटंचाई आणि घरकुलांच्या यादीखाली ही एक ओळ वाढवायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या ग्रामसेवकाला, अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागणार नाही.